कलेत निपुण व्यक्ती

परीक्षण अहवाल आला तेव्हा मी मांढळच्या सातऱ्यावर होतो.
मोबाईलला एकच कांडी रेंज,
समोर दोनेकशे बायका मिरचीचे देठ खुडत बसलेल्या,
नाकातोंडावर पदर.

नऊ पानं. हरकत क्रमांक दोन:
दावा एक ते सात यांत शोधाची पायरी आढळत नाही.
पहिला दस्तऐवज, जपानी:
कॅरोटिनॉइड तेलात विरघळवून डिंकाच्या पाण्यात घुसळणे.
दुसरा, जर्मन: तेच, पण फवारून वाळवणे,
कण दहा मायक्रॉनच्या आत.
त्यांनी बाभळीचा डिंक वापरला, अर्जदाराने धावड्याचा, इतकेच.
दोन्ही एकत्र वाचले असता
त्या कलेत निपुण व्यक्तीला हे उघडच सुचले असते.

त्या ‘इतकेच’ला मी आठ वर्षं दिली.
उमरेडच्या फार्मसी कॉलेजात
शिपाई कुलूप घेऊन दारात उभा,
आणि मी अजून कुपीत बघतोय
भिवापुरी मिरचीचा लाल,
जो उजेडात पंधरा दिवसांत विटकरी होतो
आणि महिन्यात माती.
म्हणून थेंबाथेंबाला अंगरखा शिवायचा,
इतका बारीक की चिमटीत कोटभर मावावेत:
आत तेल, तेलात रंग,
वर धावड्याचं कवच, श्रावणातही न चिकटणारं.
चौदा महिन्यांनी कुपी उघडली. लाल जसाच्या तसा.
त्या रात्री कोणाला फोन केला नाही.
पाचगावपर्यंत उगाच गाडी चालवत गेलो नि परत आलो.

ही निपुण व्यक्ती खरी नसते, वकीलबाई फोनवर म्हणाल्या.
कायद्यानं मानलेली असते.
जगातलं सगळं छापील तिनं वाचलेलं,
जपानी येते, जर्मन येते,
फक्त कल्पना सुचत नाही तिला.
आणि तिला जे सुचेल, ते तुमचं नाही.

दुपारी बायकांनी डबे सोडले.
गिरजाबाई डडमलनं माझ्यापुढे भाकर सरकवली,
वर कोरडं तिखट.
मी भाकर मोडायची विसरलो.
“हे औंदाचं?”
“मांगच्याच्या मांगच्या सालचं हाये जी.”
“एवढं लाल?”
“कांडलं का जवसाच्या तेलाचा हात लावाचा.
मंग धावड्याचा डिंक, लय पातळ, त्याच्या पाण्यानं चोळाचं.
सावलीत सुकवाचं. परत चोळाचं.
रंग आत बसते मंग. पळत नाही.”

“कोणी शिकवलं?”
“शिकवते कोन? लेक बाळंत होती,
डिंकाचे लाडू बांधून रायली होती मी,
हात तसेच तिखटाच्या डब्ब्यात गेले.
तेवढीच मूठ लाल रायली, बाकी समदं पांढुरकं.”

“मग गावात सगळ्याच करत असतील?”
“कायले? हासतेत मले.
म्हंतेत, डडमलीन तिखटाचे लाडू वळते.”

इथे चाळीस वर्षं मिरचीत हात घातलेल्या दोनशे बायका,
यांच्याहून निपुण व्यक्ती कायदा कुठून आणणार,
आणि त्या हसल्या होत्या.
म्हणजे हे उघड नव्हतंच.
हरकतीला याहून पक्कं उत्तर मला मिळालं नसतं,
आणि ते वापरलं की
दावा क्रमांक एकखाली माझं नाव उरत नव्हतं.
कण मोजायचं यंत्र माझं. फवारा माझा.
दहाचे चार मायक्रॉन मी केले, तेवढे माझे.

“का वाचून रायले मघापासून?” तिनं विचारलं.
मी जमेल तसं सांगितलं. जपान, जर्मनी, धावडा.
तिनं ऐकून घेतलं, भाकरीचा शेवटचा तुकडा पुसून खाल्ला.
“मंग हे निंगलं कोनाचं?”

अर्जात शोधकाचा रकाना असतो:
पूर्ण नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता.
तो उघडायला बोट लावलं
तर काचेवर लाल ठसा उमटला.
पाण्यानं पुसला, पसरला.
“पान्यानं नाही जात थे,” गिरजाबाई म्हणाली,
“तेल लावा.”

माझ्या अर्जातलं पहिलं वाक्य तेच होतं,
जरा लांबलचक करून लिहिलेलं.